कोरी नळी

३ फेब्रुवारी

दादा,

वहिनी फोनवर म्हणाली, "वन्सं, ते बोलणार नाहीत. मी विचारलं. पीठ झाडतात तसा हात झाडला." म्हणून लिहिते आहे. पत्रापुढे हात झाडता येत नाही. फार तर न उघडता ठेवशील.

बेकरीला सील लावायला माणसं आली तेव्हा मी तिथे असायला हवं होतं, असं तू म्हणालास म्हणे. असते तरी काय केलं असतं? सील मी लावत नाही. मी उंदरांच्या लेंड्या तपासते आणि सापडेल ते लिहिते. मुलांच्या पोटात जाऊन राहू शकेल असा किडा सापडला तर आरोग्य खात्याला कळवावं लागतं. तो नियम आहे. आपली बेकरी चार शाळांना पाव देते, यात नियमाचा दोष नाही. आपलं-परकं बघून अहवाल लिहिता येत नाही.

तू वहिनीला म्हणालास, "किडा बघितला कुणी? डोळ्यांनी?"

डोळ्यांनी नाही. लेंडी एका द्रावात विरघळवतात. तिच्यात जे जे होतं, जंतू, किडे, खाल्लेलं अन्न, त्या सगळ्यांचा डीएनए वेगळा काढतात. मग मशीन तो अक्षरं वाचावीत तसा वाचतं. ओळ कुणाची आहे ते अक्षरांच्या क्रमावरून कळतं. खूप उंदरांचे नमुने एकदम वाचले जातात. त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक नमुन्याला आधीच एक खूण जोडलेली असते. तू पावाच्या ट्रेला शाळेची चिठ्ठी लावतोस, तशी. तुझ्याकडच्या तीन उंदरांच्या चिठ्ठीखाली पट्टकृमीच्या, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या त्या चपट्या किड्याच्या, ओळी आल्या. थोड्या होत्या. पण होत्या.

हे काम तुला आवडलं होतं. मागच्या माळावरचे उंदीर आणि बेकरीत राहायला आलेले उंदीर, दोघांच्या पोटातली वस्ती कशी बदलते ते बघायचं आहे, असं मी सांगितलं तेव्हा तू भट्टीवरच्या माणसांना हाक मारून म्हणालास, "ऐका रे. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आमची चिचुंद्री उंदीर पोखरून डोंगर काढणार आहे." सगळे हसले. मीही हसले. संध्याकाळी माझी बस सुटायच्या आत तू पावाचा डबा घेऊन धावत आलास. "हा शेवटचा. बिचारा रांगेत उभा होता, म्हटलं ह्याला कशाला नाराज करायचं." डब्यात उंदीर होता.

मला हे आठवतं, एवढंच सांगायचं आहे.

प्रत्येक पायरी तपासलेली असते, दादा. तशीच सही करता येत नाही.

चिमीला आत्याच्या वतीने जवळ घे.

तुझी बहीण


१७ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "तुझ्याही पोटातली वस्ती बदलली." वर नाव नाही, खाली नाव नाही. अक्षर बाबांसारखं होत चाललं आहे.

शाळेत चिमीला 'किडकी' म्हणतात हे वहिनीने सांगितलं. तक्रार म्हणून नाही. डबा तसाच परत येतो, कुणी तिच्या शेजारी बसून खात नाही, असं बोलता बोलता निघालं. मी विचारलं, "दादा काय म्हणाला?" वहिनी म्हणाली, "काय म्हणणार? जाऊन मास्तरांच्या समोर पावाचा तुकडा मोडून खाल्ला. मास्तर म्हणाले, तुम्ही खा हो, आमचं काही म्हणणं नाही."

परवान्याची सुनावणी एप्रिलमध्ये आहे हेही तिनेच सांगितलं. तोवर अहवाल कायम राहिला तर परवाना रद्द होईल आणि जागा मालकाला परत जाईल. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे नियमात लिहिलेलं आहे. मी तेवढं वाचलं नव्हतं.

आता जे लिहिते आहे ते कुणाला सांगू नकोस. शंका आहे. शंका म्हणजे चूक नव्हे.

माझ्या शेजारच्या टेबलावर एकजण काम करतो. फार उंच आहे, आम्ही त्याला लांब्या म्हणतो. तो दुकानात विकायला ठेवलेल्या हॅमस्टरांवर काम करतो. परवा चहाला म्हणाला, "माझ्या हॅमस्टरांत हॅमस्टर कमी आणि पट्टकृमीच जास्त." मी विचारलं, "तुझं वाचन कधी झालं होतं?" म्हणाला, "तुझ्या उंदरांच्या आदल्या दिवशी. विसरलीस? मशीन धुऊन मीच तर तुझ्या ताब्यात दिलं."

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, खुणा कोणत्या खोक्यातल्या वापरल्यास. त्याने खोकं दाखवलं. मीही त्यातल्याच वापरल्या होत्या.

पीठ मळायचं कुंड कितीही खरवडलं तरी कालचं थोडं पीठ राहतं आणि आजच्यात उतरतं. तू ते मुद्दाम ठेवतोस. आमच्याकडेही मशीनच्या नळ्यांमध्ये आदल्या दिवसाचा अंश राहतो. एरवी त्याने बिघडत नाही, कारण कालच्या चिठ्ठ्या वेगळ्या, आजच्या वेगळ्या. कालच्या चिठ्ठीची ओळ आज आली तर ती गाळून टाकतात. पण दोन्ही दिवशी चिठ्ठ्या त्याच असतील, तर कालच्या हॅमस्टरचा किडा आजच्या उंदराच्या नावावर लागतो.

हे पकडायला एक सोपी रीत आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. प्रत्येक ट्रेमध्ये एक नळी कोरी ठेवायची. तिच्यात लेंडी नाही. फक्त द्राव. बाकीच्या नळ्यांचं जे जे होईल ते सगळं तिचंही करायचं. शेवटी तिच्यात काहीही निघता कामा नये. निघालं, तर ते उंदरातून आलेलं नाही, आपल्याकडून आलेलं आहे.

माझ्या ट्रेमध्ये जागा मोजक्या होत्या आणि सगळ्या ठरलेल्या होत्या. तू डबा घेऊन धावत आला नसतास, तर शेवटची जागा कोऱ्या नळीची होती.

मला वाटलं, तू आणला आहेस. घ्यावा.

तुझी बहीण


३ मार्च

दादा,

मागच्या पत्राचा शेवट मी परत वाचू शकत नाही, पत्र तुझ्याकडे आहे. पण तो पाठ आहे. तू डबा घेऊन आलास म्हणून असं झालं, असा त्याचा अर्थ होतो. तसा मी लिहिला होता. तू उंदीर आणलास. कोरी नळी उचलून बाजूला मी ठेवली. तुला कोरी नळी म्हणजे काय हे ठाऊकही नव्हतं.

वहिनी म्हणाली, ते पत्र तू दोनदा वाचलंस आणि मग तिला विचारलंस, "म्हणजे किडा नव्हताच?"

नव्हता. आता मला खात्री आहे. तुझ्या उंदरांच्या लेंड्या संपल्या होत्या पण त्यांतून काढलेला डीएनए फ्रीझरमध्ये होता. त्याला वेगळ्या खुणा लावून मी सगळं पुन्हा वाचलं. या वेळी शेजारी कोरी नळी होती. ती कोरीच निघाली. पट्टकृमीची एकही ओळ नाही, तीन उंदरांतही नाही आणि तू डब्यातून आणलेल्या चौथ्यातही नाही.

त्याच दिवशी खात्याला पत्र पाठवलं. "पुनर्तपासणीत सदर परजीवी आढळला नाही." एवढं एकच वाक्य. ते पुरेल असं वाटलं होतं. बसमध्ये बसून मी तुझं पुढचं कार्ड कसं असेल याचा विचार करत होते.

अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं. तू त्यांना भेटला आहेस. बोलताना टेबलावरच्या वस्तू सरळ करत राहतात तेच. आवाज चढवला नाही.

"बाई, पहिला अहवाल आला तेव्हा आमच्याकडे कुणी दुसरा प्रश्नच विचारला नाही. का सांगू? सख्खी बहीण भावाविरुद्ध लिहिते आहे, तर खरंच असणार. आमच्या साहेबांनी तुमचं उदाहरण दिलं मीटिंगमध्ये."

"आणि आता?"

"आता बहीण भावाच्या बाजूने लिहिते आहे." त्यांनी पेन सरळ केलं. "लोक काय म्हणतील ते तुम्हीच सांगा. उंदराला मांजर साक्ष."

मी म्हटलं, नळ्या तुमच्या माणसाकडून तपासून घ्या. ते म्हणाले, "नळ्या जुन्याच. मला नवा उंदीर आणा. त्याच जागेतला. मग बघू."

दादा, मी त्यांना कोऱ्या नळीबद्दल सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून नव्हे. विचारण्याची संधी मी दिली नाही.

तुझी बहीण


१२ मार्च

दादा,

मी येऊन गेले. वहिनीने तुला सांगितलं असेल, किंवा तू खिडकीतून बघितलं असशील. खात्याच्या माणसाने सील काढलं, मी आत पिंजरे लावले, त्याने सील परत लावलं. असं चार वेळा. चारही वेळा पिंजरे रिकामे.

खात्याचा माणूस पहिल्यांदा तोंडाला रुमाल बांधून आला होता. चौथ्या दिवशी उघड्या तोंडाने पिठाच्या रिकाम्या फळीवर बसून पेपर वाचत होता. म्हणाला, "मॅडम, दाणा नाही तिथे उंदीर कशाला थांबेल? तो काय सरकारी नोकर आहे?"

ज्यांच्यामुळे तू सुटला असतास ते मीच घालवले. बेकरी बंद झाली म्हणून ते गेले, आणि ते गेले म्हणून बेकरी उघडत नाही.

भट्टीला हात लावून बघितला. मला आठवतं तेव्हापासून ती कधी गार नव्हती. लहानपणी आजारी पडले की तू मला तिच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसवायचास. आता ती नुसती भिंत आहे.

बरणी कोपऱ्यात होती. बाबांनी लावलेलं, पाव फुगवायचं खमीर. झाकण सरकलं होतं. वरती काळी बुरशी, खाली वाळून तडकलेलं काहीतरी. मी वास घेतला. आंबटही नव्हता. सील लावताना तुला ती बाहेर काढू दिली नाही हे मला वहिनीने आधीच सांगितलं होतं. "ते म्हणाले, ही एवढी बरणी नेऊ द्या, तिला रोज पीठ घालावं लागतं. तर तो शिपाई म्हणाला, काय हो, जनावर आहे का ते?" हे सांगताना वहिनी हसली आणि मग फोन ठेवला.

माझ्याकडे त्या खमिराची एक नळी आहे. उंदीर काय खातात ते कळावं म्हणून मी पिठाचा आणि खमिराचा नमुना नेला होता. बरणी बघून मला पहिल्यांदा तीच नळी आठवली. तिथेच उभी राहून मला हायसं वाटलं. मग आठवलं, मी ती ज्या द्रावात ठेवली आहे तो द्राव सगळं मारून टाकतो. डीएनए टिकवायचा तर तसंच करावं लागतं. बाबांच्या खमिरात कोण कोण होतं ते मी एकेकाच्या नावानिशी सांगू शकते. त्यांतलं एकही परत आणू शकत नाही.

वर तुमच्या घरी जाणाऱ्या जिन्यापर्यंत आले होते. वर चिमीचा शाळेचा सदरा वाळत होता. वर आले नाही. खात्याचा माणूस खोळंबला होता असं मी स्वतःला सांगितलं. तो खोळंबला नव्हता. तो शब्दकोडं सोडवत होता.

आता मागणं आहे. कोणत्या तोंडाने मागते हे विचारू नकोस. बेकरीतले उंदीर माळावर गेले असतील तर संपलं. पण दाणापाणी तुटल्यावर उंदीर आधी जवळचं घर बघतो. वहिनी म्हणाली की स्वयंपाकघरात फडताळामागे खुडबुड ऐकू येते. दादा, औषध घालू नकोस. मांजर आणू नकोस. एक धर. जिवंत.

तुझी बहीण


२३ मार्च

दादा,

दुपारी परतले तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने पावाचा डबा पुढे केला. हात लांब करून, जणू त्यात बाँब होता.

"तुमचे भाऊ देऊन गेले. म्हटलं, बसा, मॅडम येतीलच. तर म्हणाले, बसायला आलो नाही."

"आणखी काही?"

"म्हणाले, झाकण हळू उघड म्हणावं. चावतो." पहारेकऱ्याने डोकं खाजवलं. "आणि म्हणाले, मीच शिकवलंय."

झाकणाला तू खिळ्याने भोकं पाडली होतीस. आत ओल्या फडक्याची घडी होती. चार तास बसमध्ये मांडीवर डबा घेऊन आलास, आणि लगेच परतीची बस धरलीस.

त्याला तपासला. लेंड्या ताज्या होत्या, म्हणून आधी जुन्या रीतीने काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. किड्याची अंडी नाहीत. तू म्हणाला होतास ना, डोळ्यांनी बघितलं का? आता बघितलं. मग मशीनवर वाचल्या, धुतलेल्या मशीनवर, नव्या खुणा लावून, कोरी नळी शेजारी ठेवून. कोरी कोरी निघाली. उंदीर स्वच्छ आहे.

अधिकारी म्हणाले, "हा बेकरीतला कशावरून? घरात सापडला ना? घरातला असेल. माळावरचा असेल."

हे उत्तर मला त्याच्या पोटात सापडलं. त्याच्या जंतूंमध्ये एक ओळ आहे, ती माळावरच्या एकाही उंदरात नाही. बेकरीतल्या सगळ्या उंदरांत आहे. तीच ओळ, अक्षराला अक्षर, खमिराच्या नळीत आहे. बरणीतून सांडलेलं खाऊन खाऊन ते जंतू उंदरांच्या पोटात राहायला गेले आहेत. उंदरांकडून खमिरात गेले असतील असंही म्हणता येतं. कोण कुणाकडे आधी आलं ते मला सांगता येत नाही, आणि तूही गिऱ्हाइकांना सांगू नकोस. पण हा उंदीर आपल्या बेकरीतला आहे. बरणी मेली. तिच्यातलं जे काही जिवंत उरलं आहे ते ह्याच्या पोटात आहे.

अधिकाऱ्यांनी हे सगळं नीट ऐकलं. टेबलावरची टाचण्यांची डबी सरळ केली. मग म्हणाले, "मानलं. आता माझ्याकडे दोन अहवाल आहेत. एकात किडा आहे, एकात नाही. दोन्हींवर तुमची सही. पहिल्या वेळी किडा दिसला तो आला कुठून, हे सांगितल्याशिवाय मी पहिला कसा फाडू? पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. मी किडा असलेलाच धरणार."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. तुझ्या बाबतीत केलंच.

मी आमच्या बाईंकडे गेले. प्रयोगशाळा त्यांची आहे. पहिल्या अहवालावर माझ्याखाली त्यांची सही आहे. मी सांगितलं, ट्रेमध्ये कोरी नळी नव्हती. त्यांनी चष्मा काढला.

"अहवालात तर तू लिहिलंयस, कोरी नळी स्वच्छ."

"हो."

"विसरलीस ठेवायला."

"नाही. काढून ठेवली."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाल्या, "हे बघ. आदल्या वाचनाचा अंश राहिला, अनवधानाने. असं लिहू. असं जगात कुठेही होतं. तुझा भाऊ सुटेल. तुझी नोकरी पुढच्या महिन्यात पक्की होते आहे. 'अनवधानाने' हा काही खोटा शब्द नाही."

"नळीबद्दल?"

"नळीबद्दल कोण विचारणार आहे?"

"अधिकारी विचारतील. या वेळी विचारतील."

"तर म्हण, विसरले. माणूस विसरतो, पोरी."

त्या वाईट नाहीत. मला त्यांनीच शिकवलं. कोरी नळी का ठेवायची हे पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. तेव्हा म्हणाल्या होत्या, ज्या नळीत काही नाही तीच सगळ्यांत जास्त जपायची.

सुनावणी पाच तारखेला आहे. तू असशील. मी काय बोलेन ते आधी तुला कळवावं म्हणून लिहायला बसले होते. पण हे पत्र इथेच थांबवते. मी कळवलं आणि तिथे माझी जीभ फिरली, तर ते तुझ्यासाठी दुसरं सील होईल.

तुझी बहीण


७ एप्रिल

दादा,

तू पुढच्या रांगेत होतास. इस्त्रीचा सदरा, आणि कानामागे पीठ. दोन महिने पिठाला हात लागला नाही तरी ते तिथे कसं, याचा मी बोलताना विचार करत होते. नंतर वहिनीने सांगितलं की तू घरी नवं खमीर लावतो आहेस. आंबट होतं पण फुगत नाही म्हणे.

मी जे वाचून दाखवलं ते तू ऐकलंस. नळी काढून ठेवली, आणि ठेवली आहे असं लिहिलं. 'अनवधानाने' म्हटलं नाही. बाई खाली बघत होत्या. अधिकाऱ्यांनी त्या दिवशी टेबलावरचं काहीही सरळ केलं नाही. पहिला अहवाल रद्द, परवाना कायम, जागा धुऊन घेतली की सील निघेल. चौकशी होईपर्यंत मी प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. हे सगळं तुला माहीत आहे.

जे तिथे कुणी विचारलं नाही ते सांगायचं आहे. नळी का काढली ते मी सांगितलं. तुझ्या उंदराला जागा हवी होती. नळी ठेवली असं का लिहिलं ते नाही सांगितलं.

ओळी थोड्या होत्या. इतक्या थोड्या, की दुसऱ्या कुणाची बेकरी असती तर मी थांबले असते. पुन्हा वाचून बघूया म्हटलं असतं. तुझी होती म्हणून थांबले नाही. मी थांबले असते तर बाई म्हणाल्या असत्या, भावासाठी थांबली. लांब्या म्हणाला असता. कुणी म्हणालं नसतं तरी मी ऐकलं असतं. भट्टीवाल्याची मुलगी, जिच्या दप्तराला पावाचा वास यायचा, ती आपल्या माणसाच्या विरुद्ध उभी राहू शकते हे मला दाखवायचं होतं. अहवाल पाठवला त्या संध्याकाळी मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, दादा. ताठ वाटलं. बाईंनी खांद्यावर हात ठेवला. त्या वेळी तू चार शाळांचे ट्रे भरत असशील.

किडा नव्हता हे कळलं तेव्हा मला जे झालं ते मी पश्चात्ताप समजत होते. तो नंतर आला. आधी आली ती भीती होती, की आता ते ताठपण जाईल. म्हणून खात्याला एकच वाक्य पाठवलं.

तू म्हणालास, पोटातली वस्ती बदलली. बदलली असेल. पण तुझा पाव खाऊन वाढलेल्या उंदराला माझ्याहून जास्त आठवतं.

बाहेर पायऱ्यांवर तू माझ्या बाजूला येऊन उभा राहिलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. रस्त्याकडे बघून विचारलंस, "तो कुठंय?"

"कोण?"

"उंदीर. मारलास?"

"नाही. माझ्या खोलीत आहे. खिडकीत. पाव घातला तर खात नाही."

"कुठला पाव?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातला."

"खाणार कसा?" तू म्हणालास. "घेऊन ये त्याला." मग दोन पायऱ्या उतरलास आणि पाठमोराच म्हणालास, "तू नाही आलीस तरी चालेल."

त्याच्या लेंडीतून खमीर लागणार नाही हे तुला माहीत आहे. लावलंस तर अधिकारी जातीने सील घेऊन येतील. तरी आमचा नियम सांगते. ज्या जागेतून धरला, काम झाल्यावर तिथेच नेऊन सोडायचा.

तो पिंजऱ्याच्या दाराशी बसतो. हळू उघडलं तरी चावतो. आज सकाळी दोनदा चावला.

पिंजरा आपला आपण जिना चढत नाही, दादा. रविवारी येते.

चिचुंद्री